एमबीबीएसची जागा लागली: धरायची, बदलायची की सोडायची?

अलॉटमेंटची यादी लागल्यापासून कॉलेजात हजर होण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत हाताशी मोजकेच दिवस असतात. त्यातच पैशांची जुळवाजुळव, मूळ कागदपत्रं, प्रवास आणि मध्ये येणारा रविवार. या धावपळीत "हीच जागा ठेवू की पुढच्या राउंडला जाऊ" हा प्रश्न बहुतेक घरांत शेवटच्या संध्याकाळी सुटतो, तोही कुणाच्या तरी फोनवरच्या सल्ल्याने. हा लेख महाराष्ट्रातल्या त्या मुलामुलींसाठी आहे ज्यांना नीटच्या गुणांवर एमबीबीएसची एक जागा मिळाली आहे, किंवा राज्य आणि ऑल इंडिया अशा दोन ठिकाणी मिळाली आहे, आणि ज्यांच्या घरात याआधी कुणी या वाटेने गेलेलं नाही.

आधी अलॉटमेंट लेटर नीट वाचा

कॉलेजचं नाव दिसलं की लोक पत्र बाजूला ठेवतात. खरं महत्त्वाचं त्याच्या खाली असतं: जागा कोणत्या कोट्यातून आणि कोणत्या प्रवर्गातून मिळाली. एकाच खासगी कॉलेजात राज्य कोट्याची जागा आणि संस्थात्मक कोट्याची जागा यांच्या फीमध्ये कित्येक पटींचा फरक असतो. खासगी विनाअनुदानित कॉलेजांत १५ टक्के जागा संस्थात्मक कोट्याच्या असतात आणि त्याही केंद्रीय प्रक्रियेतूनच भरल्या जातात. त्यामुळे पसंतीक्रम भरताना नकळत तो पर्याय यादीत गेला असेल तर तीच जागा लागू शकते. अशा जागेवर शासनाची शुल्क सवलत मिळत नाही.

प्रवर्गाच्या रकान्यात आरक्षित प्रवर्ग लिहिला असेल तर त्याची कागदपत्रं हजर होण्याच्या दिवशी मूळ स्वरूपात हातात हवीत. जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तर नॉन-क्रिमिलेयर. यातलं एक जरी कमी पडलं तरी जागा जाते आणि ती पुढच्या फेरीत दुसऱ्याला मिळते. "अर्ज केलाय, येईल आठ दिवसांत" हे प्रवेशाच्या खिडकीवर चालत नाही. शासनाने त्या वर्षी मुदतवाढ दिली असेल तरच पावतीवर भागतं.

ऑल इंडिया कोट्यात ओबीसी म्हणून जागा लागली असेल तर राज्याचा दाखला पुरत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी नॉन-क्रिमिलेयर लागतं आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. एसईबीसी, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग, हा प्रवर्ग फक्त राज्याच्या प्रक्रियेत आहे.

दोन प्रक्रिया, दोन वेगळे नियम

सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्याच्या. त्या दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, म्हणजे एमसीसी, भरते. एम्स, जिपमर आणि सगळी अभिमत, म्हणजे डीम्ड, विद्यापीठंही तिच्याकडेच आहेत. राज्यातल्या सरकारी आणि महापालिका कॉलेजांच्या उरलेल्या ८५ टक्के जागा आणि खासगी कॉलेजं राज्याचा सीईटी सेल, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, भरतो. दोन्हींच्या फेऱ्या आलटूनपालटून चालतात. गोंधळ होतो तो इथेच.

एमसीसीच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा न घेता सोडली तर काही बिघडत नाही. दुसऱ्या फेरीत जागा लागली आणि हजर झाला नाहीत तर नोंदणीवेळी भरलेली अनामत जाते. ऑल इंडिया कोट्यासाठी खुल्या प्रवर्गाची ही अनामत १०,००० रुपये आहे, डीम्डसाठी २,००,००० रुपये. "बघू तरी काय लागतंय" म्हणून डीम्डचे पर्याय भरणाऱ्यांचे दोन लाख इथेच अडकतात. तिसऱ्या फेरीत प्रवेश घेतला की राजीनामा देता येत नाही. शेवटच्या स्ट्रे व्हेकन्सी, म्हणजे उरलेल्या जागांच्या, फेरीत जागा लागून न घेतल्यास अनामत तर जातेच, शिवाय पुढच्या वर्षीच्या नीटला बसण्यावरही बंदी येऊ शकते. त्या वर्षीच्या माहितीपत्रकात हे कलम शोधून वाचा.

राज्याच्या प्रक्रियेत कळीचा कागद म्हणजे स्टेटस रिटेन्शन फॉर्म. कॉलेजात हजर होऊन फी भरल्यावर हा फॉर्म दिला तर ती जागा तुमची पक्की झाली आणि पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर पडलात. फॉर्म दिला नाही तर तुम्ही बेटरमेंटसाठी, म्हणजे पुढच्या फेरीत आणखी वरच्या जागेसाठी, उभे राहता. दर वर्षी काही मुलं कॉलेजच्या लिपिकाने पुढे केलेल्या गठ्ठ्यात या फॉर्मवरही सही करून मोकळी होतात आणि पुढच्या फेरीची यादी लागल्यावर आपलं नाव शोधत बसतात. प्रत्येक सहीआधी कागदाचं शीर्षक वाचा.

बेटरमेंटचा नियम दोन्हीकडे एकच आहे: वरची जागा लागली की जुनी त्याच क्षणी रद्द होते. नवी बघू, नाही आवडली तर जुन्यावर परत येऊ, असं करता येत नाही. म्हणून पुढच्या फेरीच्या यादीत तेवढीच कॉलेजं भरा जी आत्ताच्या जागेपेक्षा खरोखर हवी आहेत. खरा निर्णय यादी भरताना होतो. जागा लागल्यावर निवडायला फारसं काही उरत नाही.

दोन्हीकडे जागा लागल्या असतील तर मूळ कागदपत्रं एकाच ठिकाणी जमा असू शकतात, त्यामुळे आधी एकीकडून सुटावं लागतं. एमसीसीची जागा सोडताना राजीनाम्याचं पत्र कॉलेजने पोर्टलवरूनच काढून दिलं पाहिजे. साध्या कागदावर डीनच्या नावाने अर्ज दिला आणि पोहोच घेतली, तर पोर्टलवर तुम्ही अजून त्या जागेवरच दिसता आणि राज्याच्या पुढच्या फेरीत अपात्र ठरता. एमसीसीच्या दुसऱ्या फेरीनंतर प्रवेश घेतलेल्यांची यादी राज्यांना दिली जाते, म्हणून राजीनाम्याची मुदत कोणत्या दिवशी किती वाजता संपते ते लिहून समोर भिंतीवर लावा.

कॉलेज बघायला जायचं ते हॉस्पिटल बघायला

आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक यांच्याशी संलग्न असलेल्या सगळ्या कॉलेजांत अभ्यासक्रम एक, लेखी परीक्षा एक, पुस्तकंही बहुतेक तीच. परळच्या केईएममध्ये शिकणारा आणि सिंधुदुर्गच्या नव्या सरकारी कॉलेजात शिकणारा एकच प्रश्नपत्रिका सोडवतो. फरक पडतो तो रुग्णांमध्ये, रेसिडेंट (तिथेच पीजी करणाऱ्या) डॉक्टरांमध्ये आणि सीनियर विद्यार्थ्यांमध्ये. इमारत, ऑडिटोरियम, लायब्ररीचा एसी यांना निवडीत जवळजवळ शून्य वजन द्या.

शक्य असेल तर प्रवेश पक्का करण्याआधी एक फेरी मारा. सोमवार निवडा, कारण रविवारच्या सुट्टीनंतर ओपीडी भरलेली असते. सकाळी दहाला पोहोचा आणि केसपेपरच्या खिडकीजवळ अर्धा तास थांबा. बऱ्याच हॉस्पिटलांत केसपेपरवर त्या दिवसाचा अनुक्रमांक असतो. साडेबाराच्या सुमारास काढलेल्या केसपेपरवरचा आकडा विचारला तर दिवसाची ओपीडी किती हे एका प्रश्नात कळतं. दीडशे जागांच्या कॉलेजात हा आकडा काही शेकड्यांच्या आतच अडकत असेल तर मुलं कोणावर शिकणार, हा विचार करा.

मग मेडिसिन आणि सर्जरीच्या वॉर्डांकडे जा. आत फिरण्याची गरज नाही आणि रुग्णांना त्रास होईल असं काही करू नका. सिस्टरांच्या टेबलामागे फळ्यावर रोजची संख्या लिहिलेली असते: एकूण रुग्ण, नवी भरती, डिस्चार्ज. भरतीच्या आणि डिस्चार्जच्या आकड्यांवरून वॉर्ड चालता आहे की नुसता भरलेला दिसतोय ते समजतं. खाटांना सलाईनचे स्टँड, उशाशी औषधं, बाहेर डबा घेऊन बसलेले नातेवाईक या खुणा खऱ्या वॉर्डाच्या. चादरी कोऱ्या, रुग्ण ठणठणीत आणि नातेवाईक एकही नाही, असं दृश्य दिसलं तर सावध व्हा. काही कॉलेजांत तपासणीपुरती खाटांवर माणसं आणली जातात, ही या क्षेत्रातली जुनी आणि चीड आणणारी गोष्ट आहे. त्याची किंमत तिथून बाहेर पडणारा डॉक्टर आणि पुढे त्याचे रुग्ण भरतात.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांनुसार १०० जागांच्या कॉलेजला ४२० खाटा आणि १५० जागांना ६०५ खाटा लागतात. हे किमान आहे आणि कागदावर सगळ्यांकडे असतं. तुम्हाला बघायचंय ते त्यातल्या किती खाटांवर खरोखर आजारी माणूस आहे.

अपघात विभाग आणि प्रसूती कक्ष यांचे आकडे विचारा. महिन्याला किती बाळंतपणं होतात, हा प्रश्न कोणत्याही इंटर्नला विचारता येतो आणि तो लगेच सांगतो. इंटर्नशिपमध्ये प्रसूती करायला मिळणं, टाके घालायला मिळणं, रात्रीच्या कॅज्युअल्टीत उभं राहणं, यांवर एमबीबीएस डॉक्टर घडतो.

कोणाला विचारायचं हेही महत्त्वाचं. पहिल्या वर्षाच्या मुलाला हॉस्टेल, मेस आणि अ‍ॅनाटॉमीचा हॉल एवढंच माहीत असतं. त्याला शवविच्छेदनाच्या एका टेबलाला किती मुलं असतात ते विचारा. दहा-पंधराच्या वर असतील तर मागच्या रांगेतल्याला काही दिसत नाही. वॉर्डातल्या शिकवणीबद्दल मात्र शेवटच्या वर्षाची मुलं आणि इंटर्न यांनाच विचारा. "कॉलेज कसं आहे?" असं विचारलं की "मस्त आहे" एवढंच उत्तर येतं. नेमकं विचारा: क्लिनिकची पोस्टिंग ठरल्या वेळी होते का? घेतं कोण, प्रोफेसर की रेसिडेंट? गेल्या आठवड्यात कोणती केस मांडलीस? या शेवटच्या प्रश्नावर जो दोन मिनिटं बोलतो, त्याचं कॉलेज बरं आहे.

जुनं सरकारी, नवं सरकारी

ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं, परळचं जी. एस. (केईएम हे त्याचंच हॉस्पिटल) १९२६ चं, पुण्याचं बी. जे. १९४६ चं, नागपूरचं जीएमसी १९४७ चं. या कॉलेजांत जवळजवळ प्रत्येक विषयाचा पीजी विभाग आहे, दूरदूरच्या जिल्ह्यांतून पाठवलेल्या गुंतागुंतीच्या केसेस येतात आणि सीनियर मुलांची नीट-पीजीची तयारी बघत बघत तुम्हीही तयार होता. याची दुसरी बाजूही समजून घ्या. रेसिडेंट भरपूर असले की हाताने करायची कामं आधी त्यांच्याकडे जातात. विद्यार्थ्याला बघायला खूप मिळतं, करायला मात्र पुढे होऊन मागावं लागतं. मुंबईच्या कॉलेजांत हॉस्टेलच्या खोल्यांची टंचाई हाही रोजच्या जगण्याचा भाग आहे.

सातारा, अलिबाग, सिंधुदुर्ग, नंदुरबार, धाराशिव, परभणी, रत्नागिरी ही गेल्या काही वर्षांतली सरकारी कॉलेजं. २०२४ मध्ये जालना, बुलढाणा, वाशीम, हिंगोली, गडचिरोली, भंडारा, अमरावती अशी आणखी भर पडली. यांच्याबद्दल पालकांच्या मनात भीती असते. त्यातली काही खरी आहे: अध्यापकांची पदं रिकामी असतात, वर्ग कुठेतरी तात्पुरत्या जागेत भरतात, हॉस्टेल भाड्याच्या इमारतीत असतं, वरच्या बॅचच नसल्याने मार्ग दाखवणारं कोणी नसतं. पण यांतली बरीच कॉलेजं आधीच्या जिल्हा रुग्णालयाला जोडलेली आहेत, आणि जिल्हा रुग्णालयात रुग्ण पहिल्या दिवसापासून असतो. पीजी रेसिडेंट नसल्याने इंटर्नच्या वाट्याला काम जास्त येतं. आमचं स्पष्ट मत असं की रुग्ण असलेलं नवं सरकारी कॉलेज हे रुग्ण नसलेल्या चकचकीत खासगी कॉलेजपेक्षा चांगलं, फीचा विचार न करताही.

नव्या कॉलेजला पहिली बॅच बाहेर पडेपर्यंत दर वर्षी परवानगीचं नूतनीकरण लागतं. या वर्षीची परवानगी आयोगाच्या संकेतस्थळावर दिसते का, किती जागांची, हे स्वतः तपासा.

सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान, १९६९ चं, वेगळ्या वळणाचं आहे. खादी, आश्रमातलं सुरुवातीचं शिबिर, दत्तक खेड्यांतलं काम हे तिथे शिक्षणाचाच भाग आहे. ज्याला हे मनापासून पटतं त्याने ते वर ठेवावं. नुसता कट-ऑफ बघून जाऊ नये.

कट-ऑफवरून कॉलेजची प्रत ठरवण्याची सवय तशीही सोडलेली बरी. कट-ऑफ म्हणजे लोकांची पसंती, आणि लोक मुंबई-पुण्याला पसंती देतात. शिवाय २०२० मध्ये ७०:३० चा प्रादेशिक कोटा (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना) रद्द झाला, त्यामुळे त्याआधीच्या आकड्यांवरून आज लातूरला किंवा अकोल्याला काय लागेल याचा अंदाज बांधता येत नाही.

पैशांचा हिशेब: साडेपाच वर्षांचा, एका वर्षाचा नव्हे

अभ्यासक्रम साडेचार वर्षं, त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. पहिला प्रश्न: फी किती वर्षांची घेणार, साडेचार की पाच? काही डीम्ड विद्यापीठं पाच वर्षांची घेतात. दुसरा: दर वर्षी वाढते का? खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय दिसते. डीम्ड विद्यापीठं या प्राधिकरणाच्या कक्षेत येत नाहीत. तिसरा: हॉस्टेल आणि मेस सक्तीचे आहेत का, आणि पहिल्या दिवशी भरायचं, पुढे परत मिळणारं डिपॉझिट किती?

सरकारी कॉलेजची वार्षिक फी लाख-दीड लाखाच्या घरात असते. दीड लाख धरून साडेचार वर्षांचे पावणेसात लाख, राहण्याजेवण्याचे वर्षाला लाखभर धरून साडेपाच वर्षांचे साडेपाच लाख, म्हणजे सव्वाबारा लाख. खासगीत राज्य कोट्याची फी समजा वर्षाला ८ लाख. ३६ लाख झाले. राहण्याजेवण्याचे दीड लाखाने सव्वाआठ लाख. बेरीज सव्वाचव्वेचाळीस लाख. डीम्डची फी समजा २२ लाख, तर नुसती फीच ९९ लाख.

आता कर्ज. समजा ३० लाखांचं शैक्षणिक कर्ज घेतलं, पाच वर्षांत दर वर्षी ६ लाख असं उचललं आणि व्याज १० टक्के. हप्ता सुरू होतो अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्षाने. तोवर सरळव्याज चढत राहतं. पहिल्या ६ लाखांवर साडेसहा वर्षांचं, शेवटच्या ६ लाखांवर अडीच वर्षांचं, मिळून साडेतेरा लाख. म्हणजे हप्ता सुरू होताना डोक्यावर साडेत्रेचाळीस लाख. पंधरा वर्षांच्या मुदतीला महिन्याचा हप्ता सुमारे ४६,७०० रुपये. शिकता शिकताच वर्षाचं व्याज भरत गेलात तर मूळ ३० लाखच राहतात आणि हप्ता सुमारे ३२,२०० रुपये. महिन्याला साडेचौदा हजारांचा हा फरक पंधरा वर्षं चालतो, म्हणून जमेल तितकं व्याज आधी भरत राहा.

या हप्त्याचा काळ आणि नीट-पीजीच्या तयारीचा काळ एकच असतो, हे घरात बसून मोठ्याने बोला. सरकारी कॉलेजच्या इंटर्नला महाराष्ट्रात २०२४ पासून महिन्याला १८,००० रुपये विद्यावेतन मिळतं. खासगीत किती आणि खरोखर हातात किती पडतं, हे त्या कॉलेजच्या इंटर्नलाच विचारा. कर्जाचा बोजा असला की मुलं पीजीचा विचार पुढे ढकलून मिळेल त्या हॉस्पिटलात रात्रपाळ्या करतात, हे वारंवार दिसतं.

बँकेकडे जाताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला साधारणपणे तारण लागतं, आणि घराची किंवा शेताची कागदपत्रं तपासायला बँकेच्या वकिलाला दोन-तीन आठवडे सहज लागतात. निकालानंतर लगेच अर्ज करा, जागा लागेपर्यंत थांबू नका. आणि संस्थात्मक कोट्यातल्या प्रवेशाला कर्ज देताना बँकांचे नियम वेगळे असतात. ते आधीच लेखी विचारून घ्या.

सवलतींचा हिशेब मांडल्याशिवाय कोणतंही खासगी कॉलेज यादीतून कापू नका. केंद्रीय प्रक्रियेतून राज्य कोट्यात प्रवेश असेल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम शासन देतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना ५० ऐवजी १०० टक्के शिक्षण आणि परीक्षा शुल्काची सवलत दिली आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप, म्हणजे फीमाफी, आहे. खासगी डीम्ड विद्यापीठांत हा आधार नसतो, म्हणून डीम्डची आणि राज्य कोट्याच्या खासगी जागेची तुलना छापील फीवर करू नका. प्रत्यक्ष भरायच्या रकमेवर करा.

बाँड

महाराष्ट्रातल्या सरकारी आणि महापालिका कॉलेजांतून एमबीबीएस केल्यावर एक वर्षाची सामाजिक जबाबदारी सेवा द्यावी लागते, हाच बाँड. ती न दिल्यास काय होतं, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचा. हे एक वर्ष पगारी असतं आणि बहुधा प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जातं. त्याला घाबरून सरकारी जागा सोडणं शहाणपणाचं नाही. उलट नुकतं बाहेर पडलेल्या डॉक्टरला स्वतंत्र जबाबदारी शिकवणारं हे वर्ष आहे.

ऑल इंडिया कोट्यातून दुसऱ्या राज्यात जागा लागली असेल तर मात्र थांबा. काही राज्यांत बाँड नाही, काही ठिकाणी तो दोन वर्षांचा किंवा अधिक आहे आणि दंडही मोठा आहे. जागा मध्येच सोडण्याचा दंड हा वेगळा बाँड असतो, दोन्ही वाचा. बाँडवर जामीनदार म्हणून सही करणाऱ्या पालकानेही तो पूर्ण वाचावा. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, तर सैन्यदलातली सेवा हाच करार आहे. ती हवी असेल तरच तिकडे जा.

अंतर, भाषा, तब्येत

पहिल्या वर्षात हजेरीची अट थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के. पहिलं वर्ष पार करायला फार तर चार प्रयत्न मिळतात. घरापासून तीस तासांच्या प्रवासावर असलेल्या मुलाला घरी जाऊन यायचे चार दिवस परवडत नाहीत. दुसऱ्या राज्यात रुग्ण स्थानिक भाषा बोलणार, आणि रुग्णाची हकिकत घेणं हेच तर क्लिनिकचं काम. तामिळ किंवा बंगाली शिकायची तयारी असेल तर ही अडचण सहा-आठ महिन्यांत सुटते, नसेल तर साडेपाच वर्षं पुरते. मुलाला दमा, मधुमेह, नैराश्य असं काही असेल आणि उपचार चालू असतील, तर घराजवळचं थोडं खालचं कॉलेज हा पूर्णपणे योग्य निर्णय आहे. त्याबद्दल कुणाला स्पष्टीकरण देत बसू नका.

रॅगिंगबद्दल सीनियरांना सरळ विचारा. देशभराची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे, ती मुलाच्या फोनमध्ये घालून ठेवा.

"थेट जागा करून देतो" म्हणणारे

एमबीबीएसची एकही जागा नीट आणि केंद्रीय प्रक्रिया सोडून भरली जात नाही, संस्थात्मक आणि एनआरआय कोट्याचीही नाही. जो माणूस फेरीबाहेर जागा देतो म्हणतो, तो फसवतोय. ठरलेल्या फीवर विकास निधी, देणगी असल्या नावांनी पैसे मागणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. मागितले तर मागणी लेखी द्या म्हणा, आणि फीची तक्रार शुल्क नियामक प्राधिकरणाकडे, प्रवेशाची तक्रार प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे करा. रोख रक्कम विनापावती देऊ नका.

हजर होण्याचा दिवस

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी पोहोचा. बहुतेक कॉलेजं पाचला खिडकी बंद करतात. डिमांड ड्राफ्ट कोणाच्या नावाने आणि किती रकमांचे, हे कॉलेजच्या संकेतस्थळावर दिलेलं असतं. कधी दोन-तीन वेगळे ड्राफ्ट लागतात. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते हे धरून चाला.

सोबत घ्यायचं: नीटचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक, अलॉटमेंट लेटर, दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र, आधार, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, प्रवर्गाची प्रमाणपत्रं, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, दहा-बारा फोटो. प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स आणि फोनमध्ये स्वच्छ स्कॅन, कारण मूळ प्रती कॉलेजात जमा होतात आणि शिष्यवृत्तीला, बँकेला, दुसऱ्या प्रक्रियेला तुम्हाला त्या पुन्हा पुन्हा लागतात. जमा केलेल्या मूळ कागदांची सही-शिक्क्याची यादी मागून घ्या.

सर्वांत जास्त अडतं ते नावावर. दहावीच्या गुणपत्रकात "प्रदीपराव" आणि आधारवर "प्रदीप" असेल तर प्रतिज्ञापत्र करून न्या. नॉन-क्रिमिलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे मुदत संपलेलं प्रमाणपत्र घेऊन गेलेल्यांना परत यावं लागतं.

प्रवेशाची नोंद पोर्टलवर झाली का, हे कॉलेज सोडण्याआधी स्वतःच्या लॉगिनमधून पाहा आणि तिची छापील प्रत घ्या. नुसती फीची पावती म्हणजे प्रवेश नव्हे. पोर्टलवर नोंद नसेल तर पुढच्या फेरीत ती जागा रिकामी दिसते. नंतर महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. अर्जात कोटा आणि प्रवेशाची तारीख अलॉटमेंट लेटरप्रमाणेच टाका, कारण एका अक्षराने चुकलेला अर्ज कॉलेजच्या लॉगिनमधून परत येतो. आठवड्यातून एकदा अर्जाची स्थिती बघत राहा, आणि परत आलेला दिसला की त्याच दिवशी दुरुस्त करून पुन्हा पाठवा.